ग्रहणात चिरलेला दुधी

“मग वहिनी ग्रहणात विळीवर बसणार म्हणताय तर!” पोरे शिंप्याने कापडात अर्ध्यापर्यंत गेलेली कात्री तिथेच थांबवली. “बघा हं मास्तर. कापल्यालं कापड आन् बोलल्याला शबुद, दोनी माघारी येत न्हाईत.”

“बसेल,” मी म्हणालो. “ग्रहणाच्या ऐन मध्याला बसेल आणि भाजी चिरील. ती काही अडाणी बाई नव्हे.”

“अडाणी कोण म्हणतंय?” बाकावरून गुंडोपंत उपाध्ये म्हणाले. “सातवा महिना आहे, एवढंच म्हणतोय.”

“सातव्या महिन्यातल्या बाईने भाजी चिरली, याचा पत्ता सूर्याला कसा लागतो?”

“सूर्याला पत्ता लागतो असं शास्त्र म्हणतच नाही. शास्त्र मुलाबद्दल बोलतं.”

“कोणते शास्त्र? ग्रंथ सांगा, अध्याय सांगा, श्लोक सांगा.”

“मास्तर, आईच्या हातचं जेवायला बसता तेव्हा श्लोक विचारून पहिला घास घेता का?”

पोरे हसला. माझ्या विरुद्ध पक्षाच्या वाक्यावर कोणी हसले की माझा तोल जात असे, आणि तोल गेला की मी एक पायरी वर चढत असे. त्या दिवशी मी पैजेच्या पायरीवर चढलो.

आजऱ्याच्या हायस्कुलात मी मराठी आणि संस्कृत शिकवीत होतो. वय एकोणतीस. गुंडोपंत माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, गावाचे जोशी. मुहूर्त काढणारे, पाडव्याला मारुतीच्या देवळात नव्या वर्षाचे पंचांग वाचणारे. छापील पंचांगावर न विसंबता ते स्वतः गणित मांडून पाहत, आणि बारा महिने तेरा काळ डोक्याला कानांवरून घट्ट आवळलेला रुमाल बांधत. शाळा सुटल्यावर पोऱ्याच्या दुकानात आमची गाठ पडे. आम्हां दोघांत एकमत असे एकाच गोष्टीवर: समोरचा माणूस हुशार आहे आणि साफ चुकतो आहे.

पैजेची कलमे मीच घातली. येत्या माघी अमावास्येला सव्वादोनला ग्रहणाचा स्पर्श, साडेतीनला मध्य, पावणेपाचला मोक्ष. मध्याला माझ्या बायकोने, शरयूने, भाजी चिरली, तर पुढच्या ग्रहणात गुंडोपंतांनी याच दुकानात बसून चहा आणि खारी घ्यायची. न चिरली, तर येत्या पाडव्याला देवळात पंचांगवाचन मी करायचे. तेही सोवळे नेसून, संवत्सरफळांसकट, चेहऱ्यावर कोणताही अभिप्राय न आणता.

“हे शेवटचं जड जाईल तुम्हाला,” गुंडोपंत म्हणाले. “पण बघणार कोण? ग्रहणात घराबाहेर पडतंय कोण?”

“मी न्हाई बाबा,” पोरे म्हणाला. “आमची म्हातारी तंगडी मोडंल.”

“म्हणजे जो पाळतो तो येणार नाही,” मी म्हणालो, “आणि जो पाळत नाही त्याची साक्ष तुम्ही मानणार नाही.”

गुंडोपंत बाकावर पुढे सरकले. “मीच येतो. स्पर्शाचं स्नान तुमच्या विहिरीवर करीन आणि जपाला तुमच्या ओसरीवर बसेन. डोळे उघडे ठेवून जप करता येतो. मात्र स्पर्शापासून मोक्षापर्यंत माझं मौन असतं. आज तीस वर्षं मोडलेलं नाही. बोलायचं नाही माझ्याशी.”

“मी बोललो तर चालेल?”

“तुम्हाला कोण थांबवणार!”

अडीच तास गुंडोपंत उत्तर देऊ शकणार नाहीत, ही कल्पना मला पैजेपेक्षाही गोड वाटली. मी शीळ घालीत घरी गेलो.

बातमी माझ्या आधी पोचली होती. शरयू मधल्या घरात भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. सुपावरून नजर न काढता तिने विचारले, “कोणती भाजी?”

“काय?”

“चिरायची. कोणती ठरली?”

हा प्रश्न इतका शांत होता की त्यात मला संपूर्ण संमती ऐकू आली. “दुधी आणतो,” मी म्हणालो. “मऊ असतो. तुला जोर लावावा लागणार नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सासूबाई निपाणीहून आल्या. एस. टी.तून उतरल्या तेव्हा एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेल्या दर्भाच्या जुड्या होत्या. पैज त्यांना निपाणीतच कळली होती. कशी ते मी आजतागायत शोधतो आहे.

“जावईबापू,” पायांवर पाणी घेता घेता त्या म्हणाल्या, “तुम्ही शिकलेले आहात, मी काही बोलत नाही.” आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत बोलत राहिल्या. पोटुशीने ग्रहणात चिरू नये, शिवू नये, गाठ मारू नये, पाय मुडपू नयेत. उताणे निजावे नाहीतर स्वस्थ बसावे. त्यांच्या नणंदेच्या जावेने ग्रहणात सुतळीला गाठ मारली, तर मूल मुठी वळूनच जन्मले.

“सगळीच मुले मुठी वळून जन्मतात,” मी म्हणालो.

“हो, पण त्यानं तीन दिवस सोडल्या नाहीत.”

“आई,” शरयू आतून म्हणाली, “त्यांना भाकरी वाढ. वाद उपाशीपोटी लांबतो.”

ग्रहणाच्या दिवशी चूल पेटली नाही. दुधावर, तुपावर, लोणच्याच्या बरणीत, पाण्याच्या घागरीत, जिथे म्हणून काही मुरत वा साठत होते तिथे सासूबाईंनी तुळशीपत्र किंवा दर्भ टाकला. शरयूला त्यांनी अकराच्या आत दूधभात खाऊ घातला, कारण गर्भिणीला वेधांत सवलत असते. मला सवलत नव्हती, म्हणून मी रात्रीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सर्वांना दिसेल अशा जागी, ओसरीच्या कडेवर बसून, सावकाश खाल्ली. पाहायला रस्त्यावर कोणीही नव्हते. दुपारी एकलाच गाव मिटले होते. दारे लोटलेली, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. फक्त एक म्हैस वाण्याच्या पायरीवर बसून रवंथ करीत होती. ती तेवढी माझ्या पक्षाची.

दोनला गुंडोपंत आले. कोरडे धोतर खांद्यावर, हातात तांब्या, गोमुखीत माळ. “स्पर्शाला पंधरा मिनिटं आहेत,” ते म्हणाले. “बोलायचं असेल ते आत्ता बोलतो. मास्तर, अजून वेळ आहे. मागे घेतलंत तर मी पैज झालीच नाही असं म्हणेन.”

“भ्यायलात?”

“हो,” ते म्हणाले. “तुमच्यासाठी नाही.” आणि परसात गेले. विहिरीवर रहाट कुरकुरला, चार तांब्ये ओतल्याचा आवाज आला आणि ओलेत्याने येऊन ते ओसरीवर, माजघराच्या दारासमोर बसले. डोळे अर्धे उघडे, ओठ हलताहेत, आवाज नाही.

मग मी बोललो. पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांची गती सांगितली. राहू-केतू हे पातबिंदू आहेत, राक्षस नव्हेत, हे सांगितले. गुंडोपंतांनी मान डोलावली, कारण ते त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. वेधांत खाऊ नये हा नियम कोणत्या निबंधग्रंथात आहे आणि त्याला किती अपवाद आहेत, ते मी बोटांवर मोजून दाखवले. एका जागी मी चुकीचा अपवाद सांगितला असावा, कारण गुंडोपंतांचे डोळे एकदम पूर्ण उघडले, गळ्याची शीर फुगली आणि माळेचा वेग दुप्पट झाला. तो अपवाद मी मुद्दाम पुन्हा एकदा सांगितला. इतका सुखाचा तास माझ्या आयुष्यात क्वचित आला असेल.

उजेड हळूहळू पातळ होत गेला. ऊन होते, पण त्यात ऊब नव्हती. अंगणातल्या सावल्यांच्या कडा सुरीने कोरल्यासारख्या झाल्या. कौलांच्या फटींतून माजघराच्या जमिनीवर पडणारे कवडसे एरवी गोल असतात. त्यांच्या आता चंद्रकोरी झाल्या.

“बघा,” मी सासूबाईंना म्हणालो, “प्रत्येक कोर म्हणजे सूर्याचे चित्र आहे. फटीतून उलटे पडते.”

सासूबाईंनी त्यांतली एक कोर शरयूच्या पायांकडे सरकत आहे असे पाहिले आणि चपळाईने त्या कवडशावर परात पालथी घातली.

साडेतीनला पाच मिनिटे असताना मी विळी आणि दुधी उंबऱ्याच्या आत, गुंडोपंतांना स्पष्ट दिसेल असे मांडले. शरयू आली, भिंतीला हात लावून सावकाश खाली बसली. सासूबाई दाराआड उभ्या राहून देवाचे नाव घेऊ लागल्या. गुंडोपंतांची माळ थांबली नाही, पण नजर आमच्यावर होती.

“चल,” मी म्हणालो. “मध्य झाला.”

शरयूने दुधीकडे पाहिले, विळीकडे पाहिले, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले.

“मी चिरणार नाही,” ती म्हणाली.

“पण तू ‘बरं’ म्हणालीस!”

“तुम्ही दुधी आणतो म्हणालात. त्याला बरं म्हटलं.”

“भीती वाटते तुला?”

“राहूची? नाही.”

“मग?”

“अहो, पैज तुम्ही लावलीत. गुंडोकाकांना विचारलंत, पोरेभावजींना विचारलंत. विळीवर बसणारीला विचारायचं तेवढं राहिलं.”

“ते चुकले,” मी म्हणालो. किरकोळ चूक चटकन कबूल करून मूळ मुद्दा वाचवायचा, ही वादातली जुनी युक्ती आहे. “आता विचारतो. चिरशील?”

“नाही. आणि का नाही तेही ऐका, म्हणजे पुन्हा विचारायला नको. मी दुधी चिरला म्हणून बाळाला काही होत नाही, एवढं मलाही कळतं. पण मूल म्हटलं की कुठं काही असू शकतं. कुणाला डाग असतो, कुणाचा ओठ जरा फाटका असतो. ग्रहण असो नसो, असतो. आपल्या बाळाला तसं निघालं तर तुम्ही काय म्हणाल?”

“योगायोग म्हणेन. कारण तो योगायोगच असेल.”

“म्हणाल, आणि संध्याकाळी दुकानात जाऊन बसाल. मी कुठं जाऊ? बारशाला, हळदीकुंकवाला, पुढं त्याच्या लग्नात, येणारी प्रत्येक बाई आधी मुलाकडं बघेल आणि मग माझ्या हातांकडं. तुमची पैज एका दुपारची. ते बोट माझ्याकडं जन्मभर.”

आज मला कळते की तिथे गप्प बसणे हेच उत्तर होते. पण मी एकोणतीस वर्षांचा होतो, माझ्याकडे तर्क होता, आणि तो मोकाट होता.

“हा तर चक्रक दोष झाला,” मी म्हणालो. “लोक बोलतील म्हणून कोणी मोडायचे नाही, आणि कोणी मोडत नाही म्हणून लोक बोलत राहणार. कधीतरी, कुणीतरी, कुठल्यातरी बाईने...”

“मास्तर, पुरे.”

आवाज ओसरीवरून आला होता. बाहेर सूर्य नखाएवढा उरला होता; अंगणात वाण्याची म्हैस येऊन उभी राहिली होती.

“अगंबाई!” दाराआडून सासूबाई म्हणाल्या. “मौन मोडलं की हो तुम्ही!”

माझ्या मनात पहिला विचार आला तो लाजिरवाणा होता: तीस वर्षांचे मौन माझ्या युक्तिवादाने मोडले. गुंडोपंतांनी गोमुखी खाली ठेवली. ओल्या डोक्यावर रुमाल नव्हता. मी त्यांना बोडके कधी पाहिलेच नव्हते, आणि तासभर समोर बसूनही माझ्याच बोलण्याकडे पाहत होतो, त्यांच्याकडे नाही.

“हा कान बघा,” ते म्हणाले.

डाव्या कानाला पाळी नव्हती. पाळीच्या जागी एक सरळ, स्वच्छ खाच होती. काकडीचा शेंडा उडवावा तशी.

“माझी आई जाईपर्यंत या गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं की मी पोटात असताना तिनं ग्रहणात चिरलं. काकडी चिरली की पडवळ, एवढ्यावरच मतभेद होता. माझे वडील जोशी. तेही तेच म्हणायचे.” त्यांनी ओठ पुसले. “सोळाव्या वर्षी मला ग्रहणगणित आलं. पहिलं गणित मी काय मांडलं असेल? माझ्या जन्माआधीचे नऊ महिने. तीनदा मांडलं, मास्तर. दोन सूर्यग्रहणं, एक चंद्रग्रहण. सूर्यग्रहणं झाली तेव्हा आपल्याकडं रात्र. चंद्रग्रहण झालं तेव्हा आपल्याकडं टळटळीत दिवस. जे दिसत नाही ते पाळायचं नसतं, हे शास्त्रच आहे. पाळण्यासारखं ग्रहणच झालं नव्हतं.”



“मग आईंना सांगितलंत?” शरयूने विचारले.

“धावत गेलो. ती भांडी घासत होती. म्हणाली, ‘असेल रे बाबा. पण मी काहीतरी चिरलंच असेन.’”

दाराआडचा नामजप थांबला होता. सासूबाई पुढे आल्या आणि काहीच न करता उभ्या राहिल्या.

“वडिलांना काय सांगणार? तुमचं चुकलं, असं? आणि ते गेल्यावर गावाला काय सांगणार?” गुंडोपंत माझ्याकडे वळले. “पैज तुम्ही हरलात. तो भाग सोपा आहे. पण ही पोर आत्ता जे म्हणाली ते तुम्हाला खोडता येणार नाही. मी चाळीस वर्षं प्रयत्न केलाय.”

“काका,” शरयू म्हणाली, “हे पाडव्याला देवळात सांगाल?”

त्यांनी माळेकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले. “जप तर बुडालाच आज. सांगेन.”

“आणि मी आज स्वस्थ बसले होते, हेही?”

“ते तर साक्षीदार म्हणून सांगावंच लागेल.”

मग ती माझ्याकडे वळली. विळीला हात न लावता तिने नुसती हनुवटीने ती दाखवली. “तुमचा मुद्दाही काही खोटा नाही. कुणीतरी मोडायलाच पाहिजे. मग मोडा. विळी इथं आहे, दुधी इथं आहे, मुलाचे वडील इथं आहेत.”

“शरे!” सासूबाई भानावर आल्या. “अगं, बापानंही चिरू नये म्हणतात!”

“म्हणतात ना? मग माणूस बरोबर निवडला.”

मी आयुष्यात विळीवर बसलो नव्हतो. पुस्तकी माणसाला तत्त्व आणि कृती यांमध्ये किती अंतर आहे, ते विळीवर बसल्यावर समजते. अंतर टीचभरच असते, पण त्याला धार असते. मी पाटावर चुकीचा पाय ठेवला. विळी कलंडली.

“उजवा गुडघा वर घ्या,” ओसरीवरून गुंडोपंत म्हणाले. मौन गेलेच होते, आता ते भरपाई करीत असावेत. “हां. पायानं दाबून धरा. दुधी दोन्ही हातांनी. बोटं आत, मास्तर, बोटं आत!”

“सालं काढत नाहीत होय?” सासूबाईंना राहवेना. “आधी देठ उडवा. एवढा मोठा नव्हे! निम्मा दुधी गेला की!”

अशा रीतीने, सूर्य नखभर उरला असताना, चंद्रकोरींनी भरलेल्या जमिनीवर बसून, गावच्या जोशाच्या मार्गदर्शनाखाली आणि सासूबाईंच्या देखरेखीखाली, मी ग्रहणात दुधी चिरला. फोडींमध्ये एकही दुसरीसारखी नव्हती. शरयू भिंतीला टेकून, पाय सरळ पसरून, इतकी हसत होती की सासूबाईंनी तिला “हळू गं, बाळ हादरेल,” म्हणून दटावले. हे मात्र कुठल्याच ग्रंथात नाही.

पावणेपाचला मोक्ष झाला. गल्लीत “दे दान, सुटे गिऱ्हाण” अशी आरोळी उठली, दारे उघडली, विहिरीविहिरींवर रहाट वाजू लागले. सासूबाईंनी सुपातून धान्य घातले, सगळ्यांना आंघोळीला पिटाळले आणि माझा दुधी उचलून खताच्या खड्ड्यात टाकला. या कृत्यावर मी सविस्तर आक्षेप घेणार होतो. पण शरयूला भूक लागली होती, आणि ती आक्षेपाच्या आधी येते हे मी त्या दिवसापुरते शिकलो होतो.

पाडव्याला मारुतीच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर पंचांग वाचणार म्हणून शेजारच्या वाड्यांवरूनही लोक आले होते. मी सोवळे नेसून संवत्सरफल वाचले, पाऊसपाणी वाचले, धान्यांचे भाव चढतील की उतरतील ते वाचले, आणि दोन ठिकाणी छपाईच्या चुका असूनही चेहऱ्यावर अभिप्राय येऊ दिला नाही. पोरे पहिल्या रांगेत बसून माझा चेहराच तपासत होता. नंतर गुंडोपंत उठले. त्यांनी रुमाल सोडला आणि आपल्या जन्माआधीच्या नऊ महिन्यांतली ग्रहणे, तिथी-घटी-पळांसह, पाठ म्हणून दाखवली. प्रत्येकापुढे एकच शब्द: अदृश्य. अदृश्य. अदृश्य. मग म्हणाले, “माझ्या आईनं काही चिरलं नव्हतं,” आणि खाली बसले.

खांबाजवळ बसलेली एक थकलेली म्हातारी बऱ्याच वेळाने म्हणाली, “मीच म्हणायची बाबा पडवळ.” तिने तिथल्या तिथे जमिनीला डोके टेकले. मारुतीला की त्या गेलेल्या बाईला, ते मी विचारले नाही.

त्याच सभेत, ओघात, गुंडोपंतांनी साक्ष दिली की हेर्लेकर मास्तरांच्या पत्नीने परवाच्या ग्रहणात कशालाही हात लावला नाही. स्पर्शापासून मोक्षापर्यंत त्यांनी स्वतः पाहिले आहे. दुधी कोणी चिरला, हेही सांगितले. सत्यप्रियतेला कुठे थांबावे ते कळत नाही.

वैशाखात आम्हांला मुलगी झाली. ठणठणीत, काळ्याभोर जावळाची. उजव्या दंडावर रुपयाएवढा गोल, तांबूस डाग.

बारशाला आलेल्या प्रत्येक बाईने तो डाग पाहिला. मी पाळण्याजवळच उभा होतो, म्हणून पुढे काय घडले ते मी शब्दशः सांगू शकतो. नजर डागावरून उठून शरयूच्या हातांकडे वळे. मग त्या बाईला गुंडोपंतांची साक्ष आठवे. नजर अडखळे, भटके, खोलीभर फिरे आणि शेवटी माझ्यावर येऊन स्थिरावे.

“दुधीचीच फोड हो, हुबेहूब,” पोऱ्याची म्हातारी म्हणाली. “बापानं चिरला न्हवं का!”

मी तत्काळ खंडन केले. असे डाग शेकडा किती मुलांना असतात ते सांगितले. माझ्या फोडींपैकी एकही गोल नव्हती, हा निर्णायक पुरावा मांडला आणि सासूबाईंना साक्षीला बोलावले. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, तुम्ही शिकलेले आहात, मी काही बोलत नाही,” आणि खरोखरच बोलल्या नाहीत. बायका माझे म्हणणे आदराने ऐकत होत्या. चेहऱ्यांवर मात्र, झाले ते झाले, आता उगीच जिवाला लावून घेऊ नका, असा भाव होता. पाळण्याच्या पलीकडे शरयू तोंडाला पदर लावून बसली होती. ती हसत होती, एवढेच त्या दुपारी मला कळले. कुणाचेही बोट तिच्याकडे नव्हते, हे कळायला आणखी काही वर्षे गेली.

बोट माझ्याकडे राहिले. शाळेच्या पालकसभेत राहिले, लग्नकार्यांत राहिले, गुंडोपंतांच्या तेराव्याला तर दोघांनी विचारले. प्रत्येक वेळी मी पूर्ण उत्तर दिले आहे.

मुलगी सहा वर्षांची होती. एका संध्याकाळी ती शाळेतून आली ती सरळ माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि बाही वर करून म्हणाली, “बाबा, हे तुम्ही केलंत?”

मी तिला समोर बसवले. पृथ्वी, चंद्र, सूर्य यांच्यासाठी लिंबू, सुपारी आणि कंदील घेतला. कार्य म्हणजे काय, कारण म्हणजे काय, एकामागून दुसरे घडले म्हणून पहिल्यामुळे दुसरे घडले असे का म्हणता येत नाही, हे तिला समजेल अशा भाषेत, एकही पायरी न गाळता समजावले. अर्धा तास लागला. तिने मध्ये एकदाही जांभई दिली नाही.

सगळे ऐकून झाल्यावर तिने माझ्या गळ्यात हात टाकला.

“असू दे बाबा,” ती म्हणाली. “मला दुखलं नव्हतं.”